८०० मीटर आणि ४×४०० रिले: दोन्ही सांभाळणारी धावपटू कशी घडते?

पहाटे_मरीनलाइन्स (विचारणा)

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या १६ वर्षांच्या एका मुलीसाठी विचारतो आहे. सध्याच्या वेळा: ४०० मीटर ५८.० आणि ८०० मीटर २:१५.०. दोन्ही सिंथेटिक ट्रॅकवर, हातघड्याळाने. शाळेच्या ४×४०० (चौघींनी प्रत्येकी ४०० मीटर पळायची रिले) संघात जागा पक्की आहे.

आता दोन टोकांचे सल्ले मिळत आहेत. एक म्हणजे ४०० वरच थांबा, रिलेमुळे राष्ट्रीय शिबिरापर्यंत वाट उघडते. दुसरा म्हणजे रिले बंद करा, ८०० वाल्याचे पाय त्यात मोडतात. आपल्या शाइनी विल्सन आणि टिंटू लुका या ८०० च्या धावपटू, दोघींनी ऑलिंपिकच्या पातळीवर ८०० आणि रिले दोन्ही केलं, म्हणजे हे जमतं हे उघड आहे. पण कसं जमतं? शर्यतीत वेगाची वाटणी कशी असावी, रिलेत नेमकं काय बिघडतं, आठवड्यात काय करून घ्यावं आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे कुठे बसवावं? कृपया आकड्यांत सांगा.

---

दुसरा_लॅप

आधी एक गणित करा. ४०० ची वेळ दुप्पट करून ८०० च्या वेळेतून वजा करायची. इथे ५८ ची दुप्पट ११६ आणि २:१५ म्हणजे १३५. फरक १९ सेकंद.

आता मोठ्यांचे फरक बघा. क्यूबाच्या हुआंतोरेनाने १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर ४४.२६ आणि ८०० मीटर १:४३.५० मध्ये जिंकली, फरक १५ च्या आसपास. अमेरिकेच्या अथिंग मूची ४०० ची वेळ ४९.५७ आणि ८०० ची १:५४.९७, फरक १५.८. ही दोघं ४०० चा वेग घेऊन ८०० कडे आलेली. उलट केनियाचा रुडिशा ४०० मध्ये ४५.५० चा, म्हणजे हुआंतोरेनापेक्षा सव्वा सेकंदाने मागे, पण ८०० मध्ये १:४०.९१. त्याचा फरक १० सेकंदही नाही. कमी वेग, पण तो धरून ठेवायची ताकद अफाट.

या मुलीचा १९ चा फरक सांगतो की वेग आहे, दम नाही. फरक १५.५ वर आला तरी आजच्याच ५८ वर २:११.५ होते. ४०० मध्ये एक शतांशही सुधारणा न करता साडेतीन सेकंद! म्हणून 'रिले की ८००' हा वाद मला तरी चुकीच्या जागी चाललेला वाटतो. रिलेमुळे काही मोडत नाहीये. लांब, सावकाश पळणं कमी पडतंय. ४०० मीटरच्या शर्यतीत प्राणवायूवर चालणाऱ्या ऊर्जेचा वाटा साधारण ४० ते ४५ टक्के असतो, तर ८०० मध्ये तो ६० टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडे शाळेत ८०० वाल्यांना ४०० वाल्यांचाच सराव देतात आणि मग शेवटच्या १५० मीटरला पाय लाकडासारखे का होतात म्हणून विचारतात.

दोन्ही एकत्र करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेच्या माल व्हिटफिल्डने १९४८ मध्ये लंडनला ८०० चं आणि रिलेचं सुवर्ण घेतलं, शिवाय ४०० चं कांस्य. १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा ८०० चं सुवर्ण आणि रिलेचं रौप्य. मूने टोकियोत ८०० जिंकली १:५५.२१ मध्ये आणि त्याच स्पर्धेत रिलेचा शेवटचा टप्पाही पळाली. आपल्याकडे शाइनी १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ८०० च्या उपांत्य फेरीत पोचली. ऑलिंपिकमध्ये तिथवर जाणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच स्पर्धेत वल्सम्मा, वंदना राव, पी. टी. उषा आणि शाइनीचा रिले संघ अंतिम फेरीत ३:३२.४९ मध्ये सातवा आला.

कारकिर्दीच्या लांबीकडे लक्ष द्या. १९८४ ते १९९६ अशी चार ऑलिंपिक शाइनीने पाहिली आणि दोन मिनिटांच्या आतली तिची १:५९.८५ ही वेळ १९९५ मध्ये चेन्नईच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत आली, वयाच्या तिसाव्या वर्षी. कोणतीही भारतीय महिला त्याआधी दोन मिनिटांच्या आत आली नव्हती. १६ व्या वर्षी दोनपैकी एक दार बंद करायची घाई कशाला?

आता वेगाची वाटणी. हुआंतोरेनाने मॉन्ट्रियलला जिंकलेल्या ८०० च्या अंतिम शर्यतीत आपले श्रीराम सिंग पहिल्या लॅपला (४०० मीटरच्या फेरीला) सर्वांच्या पुढे होते, ५०.८५ मध्ये. शेवट १:४५.७७, सातवा क्रमांक. म्हणजे दुसरा लॅप ५४.९२, पहिल्यापेक्षा चार सेकंदांनी जास्त. हुआंतोरेना त्यांच्या लगत होता आणि त्याने जागतिक विक्रम केला, तो त्या पहिल्या लॅपच्या गतीवरच. श्रीराम यांची ती वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून ४२ वर्षं टिकली, २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने गुवाहाटीला १:४५.६५ करेपर्यंत. त्या धाडसाचं मोल मी कमी करत नाही. इतक्या वेगवान शर्यतीत भारतीय धावपटू आघाडीवर असणं हीच केवढी गोष्ट. पण तुलनेला रुडिशाचे लॅप ठेवा: ४९.२८ आणि ५१.६३, फरक २.३५. वेगवान ८०० मध्ये पहिला लॅप दुसऱ्यापेक्षा दोन सेकंदांच्या आसपास वेगवान असला तर शर्यत सांभाळली जाते. चार सेकंद गेले की शेवटच्या सरळ रेषेत माणसं पुढे निघून जातात. टिंटूच्या अनेक मोठ्या शर्यती याच कारणाने शेवटी हातातून निसटल्या. बंदुकीपासून आघाडी, आणि अखेरच्या १५०-२०० मीटरला मागच्या मुली बाजूने जाताना दिसायच्या. तरीही १:५९.१७ ही तिची २०१० ची क्रोएशियातल्या स्प्लिट शहरातली वेळ कौतुकाचीच.

या मुलीसाठी लक्ष्य २:१० धरा. २०० मीटरचे तुकडे ३१, ३३, ३३, ३३. म्हणजे लॅप ६४ आणि ६६. पहिला तुकडा वेगवान असायलाच हवा, कारण पाय ताजे असतात आणि जागा पकडायची असते. खरी चूक होते ती पहिल्या २०० ला २९ करण्यात. वाचलेले दोन सेकंद शेवटच्या २०० ला चारने वसूल होतात. २०० च्या खुणेवर कोणीतरी उभं राहून वेळ ओरडून सांगायला हवी. सरावात, प्रत्येक वेळी.

---

डाव्या_हातात_बॅटन

वरचं सगळं मान्य. मी रिले आणि लेनबद्दल लिहितो, कारण शाळा-जिल्हा पातळीवर निम्मी मेहनत इथेच बाद होते.

पहिली गोष्ट ब्रेक लाइन. ८०० मध्ये पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये पळायचं, वळण संपल्यावर आडवी वक्र रेषा येते, ती ओलांडल्यावरच आत यायचं. रेषेवर लेनच्या कडेला छोटे शंकू ठेवलेले असतात. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत शाइनी ८०० मध्ये पहिली आली आणि रेषेच्या आधी आत वळल्यामुळे बाद झाली. आशियाई सुवर्ण त्या दोन-चार पावलांत गेलं. म्हणून सरावात शंकू ठेवूनच ८०० ची सुरुवात करून घ्या, १२० मीटरपर्यंतच, प्रत्येक वेळी वेगळ्या लेनमधून.

रेषा ओलांडली की लगेच आत घुसायचं नाही. सहाव्या लेनमधून पहिलीत यायला ५ लेन म्हणजे ६.१ मीटर बाजूला सरकायचं असतं. हे २० मीटरमध्ये केलं तर जवळपास ०.९ मीटर जादा पळणं होतं आणि सगळ्यांचे कोपर अंगावर येतात. तेच पूर्ण सरळ रेषेत, ८० मीटरवर तिरकं आलं तर जादा अंतर पाव मीटरही नाही. नजर समोरच्या वळणाच्या आतल्या कडेवर ठेवायची, शरीर आपोआप तिकडे जातं. आणि वळणावर एक लेन बाहेर राहणं महाग पडतं: दर वळणाला साधारण ३.८ मीटर, २:१० च्या वेगाला ०.६ सेकंद. ब्रेकनंतर तीन वळणं उरतात, हिशेब करा. शर्यतीत थोडं बाहेर राहावंच लागतं, नाहीतर माणूस आत कोंडला जातो. पण वळणावर कोणाला ओलांडायला जाणं शक्यतो टाळावं, सरळ रेषेची वाट बघावी.

४×४०० मध्ये पहिला धावपटू पूर्ण लॅप लेनमध्ये पळतो आणि दुसरा पहिल्या वळणानंतर ब्रेक करतो. एकूण तीन वळणं लेनमध्ये जातात, म्हणून सुरुवातीचं अंतर वेगळं. दुसऱ्या लेनसाठी ८०० ला साधारण साडेतीन मीटर, ४०० ला सात, ४×४०० ला साडेदहा. मैदानावर चुन्याने आखलेल्या ट्रॅकवर ४०० च्याच खुणांवरून रिले सुरू केलेली दिसते, तेव्हा संघप्रमुखाने आधी जाऊन विचारावं.

८०० वाल्या मुलीला संघात दुसरा टप्पा द्या असं माझं मत. ब्रेक करणं, गर्दीत जागा घेणं हे तिला इतर ४०० वाल्यांपेक्षा जास्त सवयीचं असतं. पहिला टप्पा सुरुवातीच्या ब्लॉकवरून चांगली निघणारीला.

बॅटनची (हातोहात द्यायच्या दांड्याची) बदली २० मीटरच्या क्षेत्रात होते आणि निर्णय बॅटनच्या जागेवरून होतो, पायांवरून नाही. निघणारीने क्षेत्राच्या आतच उभं राहायचं. येणारी सुमारे ५ ते ६ मीटरवर आली (दमलेली असेल तर ४ वर) की निघायचं. तीन-चार जोरदार पावलं, मग मान वळवून बॅटन बघायचा. ४×१०० सारखं न बघता घेणं इथे चालत नाही, कारण येणारीचा वेग शेवटच्या ३० मीटरला किती पडेल याचा भरवसा नसतो. डावा हात खांद्याच्या उंचीला मागे, तळवा उघडा. येणारी उजव्या हाताने बॅटन उभा धरून देते. घेतला की लगेच उजव्या हातात. दिल्यानंतर येणारीने आपल्याच लेनमध्ये सरळ थांबत जायचं. बाजूला कोसळली आणि दुसरा संघ अडला तर संघ बाद होऊ शकतो.

तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या मुली २०० मीटरला आपला संघ ज्या क्रमाने जातो त्या क्रमाने आतून बाहेर उभ्या राहतात. पंचांनी उभं केल्यावर जागा बदलायची नाही, मागून आपली मुलगी दोघींना ओलांडून आली तरीही. या एका नियमावर कितीतरी संघ घरी जातात. आणि बॅटन पडला तर ज्याच्या हातून पडला त्यानेच उचलायचा. लेन सोडून जाता येतं, पण अंतर वाचता कामा नये आणि कोणाला अडथळा होता कामा नये. बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब, वजन निदान ५० ग्रॅम. सराव लाकडी दांड्यावर करून स्पर्धेत गुळगुळीत धातूचा बॅटन घामट हातात घेऊ नका.

५८ वाल्या मुलीने रिलेत पहिले २०० मीटर २८ च्या आसपास काढावेत. पळतं निघाल्यामुळे टप्प्याची वेळ तशीही अर्धा ते एक सेकंद चांगली येते. समोरची पकडायला २६ ला गेलात तर शेवटच्या ८० मीटरला ती पुन्हा सुटते.

---

पहाटे_मरीनलाइन्स

खूप आभार. सराव आठवड्यात कसा बसवायचा, आणि एकाच दिवशी ८०० आणि रिले आली तर काय?

---

कान्हेरी_चढ

पावसाळ्यापासून सुरू करतो, कारण मुंबईत वर्षाची पायाभरणी तेव्हाच व्हायला हवी. जून ते सप्टेंबर शिवाजी पार्कसारख्या मैदानांवर चिखल असतो, तिथे वेगाचं काही करू नका, घोटा जातो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे जाणारा रस्ता चढाचा आहे, सावली आहे, सावकाश लांब पळायला उत्तम. मरीन ड्राइव्हचा कट्टा सपाट, पण कडक. आठवड्यातून एकदाच. सिंथेटिक ट्रॅक (मरीन लाइन्सचं विद्यापीठ मैदान, प्रियदर्शिनी पार्क, कांदिवलीचं साई म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र, जिथे प्रवेश मिळेल तिथे) पावसात चालतो, फक्त पाणी साचलेली लेन टाळा. खिळे ६ मिलिमीटर पुरे. नियमात सिंथेटिकवर ९ पर्यंतच मुभा आहे. नवे बूट घेताना तळव्याची जाडी २० मिलिमीटरच्या आत आहे ना ते बघा, नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकच्या सर्व शर्यतींना तीच मर्यादा आहे. जाड फोमचे रस्त्यावरचे बूट घालून ८०० पळता येणार नाही.

पायाभरणीचा आठवडा असा. मंगळवारी ४ ते ५ वेळा १००० मीटर, प्रत्येक ४:०० ते ४:१० मध्ये, मध्ये ९० सेकंद. ही गती कंटाळवाणी वाटेल, तरी वाढवू नका. एखादं वाक्य तुटक बोलता आलं पाहिजे. गुरुवारी चढ, १०० मीटरचे ८ ते १०, चालत खाली. शनिवारी १५० मीटर चार वेळा, २०.५ ते २१ सेकंदांत, मध्ये ५ ते ६ मिनिटं पूर्ण विश्रांती. यानेच ४०० चा वेग जागा राहतो आणि रिलेची जागाही. रविवारी ५० ते ६० मिनिटं सावकाश. बुधवारी ४० मिनिटं सावकाश आणि शेवटी बॅटनच्या सहा-आठ बदल्या. सोमवारी जिना-बैठका-पोटाचे व्यायाम, शुक्रवारी सुट्टी. सुट्टी म्हणजे सुट्टी, शाळेच्या खेळाचा सामनाही नाही.

स्पर्धेच्या आठ आठवडे आधी मंगळवारचा सराव बदलतो: ३०० मीटर, ४५ सेकंद थांबून पुन्हा ३००. १० मिनिटांनी हाच संच एकदा आणखी. प्रत्येक ३०० ४९ सेकंदांत, म्हणजे २:१० चीच गती. दुसरं ३०० जर ५२ वर गेलं तर पहिलं ४७ ला गेलं होतं का ते बघा. बहुतेक वेळा तेच असतं. दुसऱ्या एखाद्या आठवड्यात ६०० मीटर १:३८ मध्ये, १० मिनिटं चालणं, मग ४०० मीटर ६४ मध्ये. यापेक्षा जास्त नको. १६ व्या वर्षी दर आठवड्याला दोनदा ओकेपर्यंत पळवलं तर दीड-दोन महिने वेळा सुधारतात आणि मग वर्षभर अडकतात.

ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि दमट हवेत घाम वाळतच नाही, शरीर थंड होत नाही. १००० मीटरच्या वेळेत ५ ते ८ सेकंद सूट द्या, सकाळी सहाला सुरू करून साडेसातला संपवा.

एकाच दिवशी ८०० आणि रिले असेल तर मध्ये निदान दीड तास मिळतो का ते वेळापत्रकात आधीच पाहा. ८०० नंतर बसून राहायचं नाही, १० ते १५ मिनिटं हळू पळत-चालत राहायचं, त्याने पाय लवकर मोकळे होतात. मग केळं किंवा खजूर, पाणी, सावली. रिलेच्या ३५ मिनिटं आधी पुन्हा अंग गरम करायचं, पण निम्मं: १० मिनिटं हळू, ८० मीटर दोन-तीन वेळा वेगाने. ८०० ची प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी दोन्ही त्याच दिवशी असतील तर मी रिलेत तिला पळवणार नाही.

आणखी एक, हे टाळू नका. या वयाच्या मुलींत हिमोग्लोबिन बरं दिसतं पण फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) खालावलेलं असतं आणि दम लागायला लागतो. सगळे म्हणतात सराव कमी पडतोय. वर्षातून दोनदा दोन्ही तपासा. जेवणानंतर तासभर चहा नको, लोह शोषलं जात नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच. पाळी तीन महिने चुकली तर सराव कमी करून थेट डॉक्टरांकडे जा. ते शरीराला खाणं पुरत नसल्याचं लक्षण असू शकतं.

---

दहिसर_फास्ट

पुढच्या वाटेबद्दल थोडं. रिले ही खरंच वाट आहे, हे नाकारू नये. दहिसरची ऐश्वर्या मिश्रा ४०० ची धावपटू, हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ३:२७.८५ च्या राष्ट्रीय विक्रमासह रौप्य मिळवणाऱ्या ४×४०० संघात होती. टिंटूने २०१४ ला इंचिऑनमध्ये ८०० चं रौप्य १:५९.१९ मध्ये घेतलं आणि रिलेचं सुवर्णही.

ऑलिंपिकचं गणित मात्र दोन्हींचं वेगळं. पॅरिस २०२४ साठी महिलांच्या ८०० ची पात्रता वेळ १:५९.३० होती, ती न गाठणाऱ्यांना जागतिक क्रमवारीतून जागा. रिलेत फक्त १६ संघ: १४ बहामातल्या जागतिक रिले स्पर्धेतून, उरलेले दोन सर्वोत्तम वेळांच्या आधारे. आपले महिला आणि पुरुष दोन्ही संघ मे २०२४ मध्ये तिथूनच पात्र ठरले. पॅरिसला ८०० मध्ये पहिल्यांदाच रेपेचाज फेरी आली, म्हणजे पहिल्या फेरीत मागे पडलेल्याला दुसरी संधी. अंतिम फेरीपर्यंत जाणारीला त्यातून चार दिवसांत चार शर्यती पळाव्या लागू शकतात, आणि रिले त्यानंतर. तिथे टिकतो तो दम, ४०० चा वेग एकटा नाही. म्हणून दुसरा_लॅप यांच्याशी मी सहमत, फक्त एक जोड: हिवाळ्यात तिला १५०० च्या दोन-तीन शर्यती द्याच. अंतर वाढवण्यासाठी नाही, गर्दीत शांत राहायला शिकण्यासाठी. आणि ४०० वर्षातून चार-पाच वेळा, वेग कुठे आहे हे मोजायला.

प्रोटीनच्या आणि 'एनर्जी'च्या डब्यांबद्दल आत्ताच ठरवा: नको. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर डब्यावर काय छापलं होतं हे कोणी ऐकून घेत नाही, जबाबदारी धावपटूचीच. वरच्या पातळीवर गेली की चाचणीसाठी रोज एका तासाला कुठे सापडाल ती जागा कळवावी लागते आणि १२ महिन्यांत तीन वेळा ठावठिकाणा चुकला तर तोही उत्तेजक नियमांचा भंगच. रोज कुठे असतो याची वही ठेवायची सवय आतापासून लावली तर तेव्हा जड जात नाही.

---

डाव्या_हातात_बॅटन

दीड तासाच्या मुद्द्याला जोड: स्पर्धेच्या नियमपत्रकात एका खेळाडूला किती प्रकार घेता येतात आणि रिले त्यात धरतात का हे नाव देण्याआधी वाचा. आणि हातघड्याळाची ५८.० ही वेळ इलेक्ट्रॉनिकला ५८.१४ धरायची. दुसरा_लॅप यांच्या वजाबाकीत त्याने फरक पडत नाही, पण पात्रता वेळ ५८.०० असेल तर पडतो.